मथूमावशींची बाजारफेरी

मथूमावशी इंटरनेटवर जाताना कापडी पिशवी घेऊन जायच्या.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वाटेत भाजी घ्यायची असेल. पण भाजीची पिशवी वेगळी होती. तिला हळदीचा डाग होता आणि ती दाराच्या खिळ्याला लटकलेली असायची. ही पिशवी जाड, निळ्या काठाची, इस्त्री केलेली. सायबर कॅफेत खुर्चीवर बसलं की मावशी ती मांडीवर नीट ठेवायच्या, चष्मा पुसायच्या आणि पडद्याकडे बघून म्हणायच्या, "हं. उघडा दुकान."

"मावशी, यातून काही बाहेर येत नाही," मी एकदा हळूच म्हटलं.

"ठाऊक आहे गं मला. मी काय पागल आहे? पण बाजारात हात हलवत शिरलं की दुकानदाराचं मन खट्टू होतं. घेणं न घेणं नंतरची बात."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळची नाशिकची. बँकेत अधिकारी झाले आणि पहिलीच बदली वाराणसीला आली. ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मराठी माणसं राहतात एवढं कोणीतरी सांगितलं होतं, त्या भरवशावर मी तिथं खोली शोधत गेले आणि मथूमावशींच्या वरच्या मजल्यावर जाऊन पडले. सामान ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "नाशिकची ना? म्हणजे गोदावरीवरून थेट गंगेवर. प्रमोशनच झालं म्हण!"

मावशी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत अजून सगळे त्यांना 'बहिनजी' म्हणत. खाली दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. उंच, सडपातळ, पांढरी सुती साडी, पायांत पुरुषी चपला. त्यांचं मराठी घरातच शिकलेलं आणि घरातच वापरलेलं, त्यामुळे मध्येच त्यात हिंदी शब्द असे येऊन बसत की जणू भाडेकरूच. "भात बनला आहे, खायला ये, जल्दी," असं खालून ओरडायच्या. दुसऱ्या हाकेला "जल्दी"चं "फौरन" व्हायचं.

इंटरनेटशी त्यांची गाठ कशी पडली, ते मला पप्पूजींनी सांगितलं. पप्पूजींचं दुकान चौखंभ्याच्या वळणावर. आधी तिथं एसटीडी, झेरॉक्स आणि लॅमिनेशन होतं. मग एक दिवस त्यांनी दोन कॉम्प्युटर आणले, मध्ये प्लायवूडची भिंत घातली आणि बाहेर पाटी लावली: 'यहाँ इंटरनेट है'. मावशी पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. पाटी वाचून म्हणाल्या, "दिखाइए."

"बहिनजी, ई दिखाने की चीज नहीं है," पप्पूजी तोंडातलं पान सांभाळत म्हणाले. "इसमें जाना पड़ता है."

"कहाँ?"

"जहाँ कहिए. अमेरिका, लंदन..."

अख्खं आयुष्य ज्या बाईनं भिंतीवरच्या नकाशात छडीनं अमेरिका दाखवली, तिला आता अमेरिकेत कुठंही जाता येणार होतं. पप्पूजींना वाटलं, धबधबे म्हणतील, वाळवंट म्हणतील. मावशींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बाजार."

तेव्हापासून त्या बाजारात होत्या.

दर रविवारी सकाळी मला बरोबर नेत, कारण माझी टायपिंगची बोटं जलद चालत. मधल्या वारी त्या एकट्याही जाऊन यायच्या. पप्पूजी नंबर फिरवायचे. मोडेम किंचाळायचं, गुरगुरायचं, घसा खाकरायचं. मावशी तेवढा वेळ डोळे मिटून बसायच्या. शटर उघडताना आवाज व्हायचाच, असं त्यांचं म्हणणं. मग एखादं दुकान हळूहळू पडद्यावर उतरायला लागायचं, वरून खाली, पट्टी-पट्टीनं. "दर्शन पायांपासून घेतात," मावशी म्हणायच्या, "यांचं सगळं उलटं."

एक सांगते, त्या वेळी आमच्यापैकी कोणाकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. त्यातली बहुतेक दुकानं हिंदुस्थानात माल पाठवतही नसत. आणि पाठवला असता तरी आमच्या गल्लीत घर सापडणं म्हणजे देवाची कृपा. तेव्हा काही विकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. मावशींना दुकानं बघायची होती. नुसती बघायची नाहीत, पारखायची होती. एका दुकानातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मग पहिल्यात परत.

"माल काय, सगळीकडे सारखाच," त्या म्हणायच्या. "नीयत बघ. दुकानाची नीयत उंबऱ्यावर दिसते."

त्यांच्या हिशेबानं इंटरनेटवर तीनच जातींची दुकानं होती. गद्दीवाले, ठेलेवाले आणि फेरीवाले. गद्दीवाला शांत. पांढरी जागा भरपूर, अक्षर मोठं, किंमत सरळ लिहिलेली, ओरडा नाही. ठेलेवाल्याच्या दुकानात शिरताच सगळं लुकलुकायचं, अक्षरं डावीकडून उजवीकडे पळायची, 'आज ही! अभी!' अशा आरोळ्या इंग्रजीतून उठायच्या. "याचे केळे काल उतरलेले आहेत," मावशी निकाल द्यायच्या, "म्हणून चिल्लावतोय." आणि फेरीवाला म्हणजे जो या आठवड्यात आहे आणि पुढच्या आठवड्यात 'पृष्ठ सापडत नाही' एवढंच सांगतो. त्याच्यावर मात्र त्या रागवायच्या नाहीत. "गेला असेल दुसऱ्या गल्लीत. पोट आहे बिचाऱ्याला."

एक दुकान होतं, तिथं नुसतं पिवळ्या पाटीवर फावडं घेतलेल्या माणसाचं चित्र. काम चालू आहे, लवकरच उघडू. मावशी दर रविवारी तिथं जाऊन त्या माणसाची विचारपूस करायच्या. "अजून खोदतोच आहे गं. दुकान बनवतोय का विहीर?"

पुस्तकांचं एक मोठं दुकान त्यांना आवडायचं, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. तिथं एक पुस्तक उघडलं की खाली लिहून यायचं, ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं. मावशी मागे रेलायच्या. "बघ, हा दलाल. गोदौलियाला रिक्षातून उतरलीस की कसा मागे लागतो, 'बहिनजी, कल आप ही के तरफ की पार्टी आई थी, ये वाला ले गई'. तोच हा. फक्त यानं पान खाल्लेलं नाही."

आत शिरण्याआधीच नाव, गाव, जन्मतारीख, व्यवसाय विचारणारी दुकानंही असायची. एकदा असलाच रकान्यांचा कागद पडद्यावर आला तेव्हा त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की प्लायवूडच्या पलीकडचं गिऱ्हाईक डोकावून गेलं. "अगं, हा तर पंडा! घाटावर उतरायच्या आधी, कहाँ से आए हैं, कौन गाँव, किसके लड़के! गोत्र तेवढं विचारायचं राहिलं." मी भरत गेले. सगळं भरल्यावर पडद्यावर 'वेलकम' एवढंच आलं. मावशी नाराज झाल्या. "आपला पंडा बदल्यात सात पिढ्यांची नावं तरी सांगतो."

कुत्र्यांसाठी वेगळं दुकान आहे हे कळलं तेव्हा तर त्यांनी पप्पूजींना बोलावून दाखवलं. कुत्र्याचं बिस्कीट, कुत्र्याचा स्वेटर, कुत्र्याचा पलंग. पप्पूजींनी बराच वेळ पाहिलं. "और साँड़ का?" त्यांनी विचारलं.

"साँड़ को वेबसाइट नहीं लगती," मावशी म्हणाल्या. "वो खुद दुकान में आ जाता है."

पण त्यांची खरी लहर निघताना कळायची. त्या दुकानांत एक गाडी असते, आपण निवडलेल्या वस्तू त्यात जमा होतात. मावशी फिरता फिरता बिनधास्त टाकत जायच्या. दुर्बीण, लोकरीचे मोजे, बर्फ उपसायचं फावडं, तीन भाषांतला शब्दकोश. गाडी भरली की समाधानानं बघायच्या. आणि मग, उठायच्या आधी, एकेक वस्तू परत जागेवर ठेवायला लावायच्या. एकेक! त्या काळचं इंटरनेट, एक वस्तू काढायची म्हणजे एक कप चहा व्हायचा. वर पप्पूजींचं घड्याळ चालू.

"छोड़ दीजिए बहिनजी," पप्पूजी कळवळून म्हणायचे, त्यांचे पैसे वाढत असूनही. "अपने आप खाली हो जाती है."

"अपने आप कुछ नहीं होता, पप्पू. किसी न किसी को तह लगानी पड़ती है."

मी साडीची घडी घालावी तशी एकेक काढत बसायचे. मोजे गेले, फावडं गेलं, दुर्बीण गेली. शेवटी पडद्यावर यायचं, तुमची गाडी रिकामी आहे. "हे जरा टोचून बोलतात," मावशी म्हणायच्या आणि पिशवी उचलायच्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग पिकदाणीचं प्रकरण झालं.

लिलावाचं एक दुकान होतं. तिथं कोणीही आपल्या घरातली वस्तू मांडायची आणि जगानं बोली लावायची. मावशींना ती सट्टी वाटायची, पहाटे बोली लावून भाजी विकतात तो घाऊक बाजार. फरक एवढाच की इथं आरडाओरडा नाही, सगळे मुके. त्या रविवारी मी सहज 'बनारस' असा शब्द घालून पाहिला. पितळेच्या वस्तूंची रांग उतरायला लागली. तबकं, घंटा, एक नंदी. आणि मग एक चित्र आलं. पसरट तोंड, बारीक कंबर, खाली गोल पोट, सगळ्यावर वेलबुट्टी. शेजारी विकणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, की हे प्राचीन बौद्ध भिक्षूंचं भोजनपात्र असून सूप किंवा सॅलड वाढण्यास अतिशय शोभिवंत आहे.

मावशी पुढे झुकल्या. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"पप्पू!"

पप्पूजी आले. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांचं चघळणं थांबलं. "अरे बाप रे," ते म्हणाले. "ई त पीकदान हौ!"

"सूप म्हणतायत," मावशी घुसमटून म्हणाल्या. "शुभा, सूप! कोणीतरी घेईल आणि पोराबाळांना त्यातून खाऊ घालेल. हिला सांगायला हवं."

"कसं सांगणार?"

"बोली लाव."

"मावशी, बोली लावली म्हणजे..."

"सट्टीत तोंड उघडल्याशिवाय कोणी वळून बघतं का? सगळ्यात छोटी लाव. मग ती विचारेल, कोण तुम्ही. मग आपण सांगू."

मला तेव्हा त्या दुकानाचे नियम फारसे ठाऊक नव्हते. पप्पूजींनी मावशींच्या नावाचा ईमेल आधीच काढून दिला होता. मी सगळ्यात छोटी बोली लावली. कोणी काही विचारलं नाही. आम्ही नंदी बघितला, गाडीत काही नव्हतं म्हणून लवकर सुटलो आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी ईमेल उघडला तर आत अभिनंदन. आपण ही वस्तू जिंकली आहे. पिकदाणीवर जगात दुसऱ्या कोणीही बोली लावली नव्हती.

मला हसू फुटलं. पप्पूजी तर बाहेर जाऊन पिचकारी टाकून आले, तोंड मोकळं करून हसता यावं म्हणून. पण मावशींचा चेहरा उतरला होता. त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे मी जबान दिली."

"मावशी, ती चुकून..."

"चुकून कशी? मीच म्हटलं ना, लाव. आयुष्यभर पोरींना सांगितलं, बोललं की बोललं. आता बनारसची पिकदाणी मी अमेरिकेहून मागवणार. दुसरं काय."

त्या रात्रभर झोपल्या नसाव्यात. सोमवारी मी बँकेत निघाले तर दारातच उभ्या. पैसे तिकडे कसे पाठवायचे ते विचारून ये. मी आमच्या मॅनेजरना विचारलं. ते लखनौचे, अदबशीर गृहस्थ. परकीय चलनाचा अर्ज त्यांनी पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. "प्रयोजन?"

"आयात," मी म्हटलं.

"किस चीज की?"

मी सांगितलं. त्यांनी टोपण परत लावलं. खिडकीबाहेरच्या, छातीपर्यंत लाल रंगलेल्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. "मैडम," ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "क्या दीवारें कम पड़ गईं?"

संध्याकाळी मी मावशींना पप्पूजींकडे नेलं आणि म्हटलं, आधी त्या बाईंना सगळं खरं लिहू. मावशी सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. शाळेतलं इंग्रजी, एकेक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. प्रिय भगिनी, मी काशीची निवृत्त शिक्षिका आहे. आपण ज्याला भोजनपात्र म्हणता त्याचा उपयोग आमच्याकडे भोजनानंतर होतो, पान खाऊन झाल्यावर. कृपया त्यात सूप घालू नये. मी दिलेला शब्द पाळण्यास तयार आहे, फक्त पैसे पाठवण्यास थोडा अवधी लागेल. आपली कृपाभिलाषी.

तो आठवडा वाईट गेला. मावशी बाजारात फिरकल्या नाहीत. भात बनला तरी खालून हाक यायची नाही, मलाच उतरून जावं लागायचं. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "सट्टीत तोंड काळं करून बसले. आता कुठल्या दुकानात कोणत्या तोंडानं जाऊ?"

उत्तर आलं ते मी बँकेतून परतताना पप्पूजींकडे एकटीनंच वाचलं आणि धावत गल्ली उतरले. मावशी वाती वळत होत्या. त्यांना तसंच उठवलं, वाती पदराला चिकटलेल्या, आणि पप्पूजींकडे आणलं.

त्या बाई ओहायोच्या. ("मक्याचा पट्टा," मावशी पुटपुटल्या.) त्यांनी लिहिलं होतं, तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि माझे यजमान हसता हसता खुर्चीवरून खाली घसरले. गेली कित्येक वर्षं दर नाताळात आम्ही या भांड्यात गोड चटणी वाढत आलो आहोत. आमचे धर्मगुरूसुद्धा जेवून गेले आहेत. हे भांडं मला लग्नात माझ्या सासूबाईंनी दिलं होतं. त्या हिंदुस्थानात राहून आलेल्या होत्या, त्यामुळे हे काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. त्या माझ्याबद्दल काय विचार करत होत्या ते मला आज कळलं. आता ही वस्तू मी कोणालाही विकणार नाही. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवणार आहे. तुम्ही मला तुमच्या शब्दातून मोकळं करा, अशी माझीच विनंती आहे.

मावशींनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. 'सासूबाई' या शब्दाशी आल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत हसत डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी त्या वाती लागलेल्या पदरानं पुसलं. पप्पूजींनी त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. मावशींनी ते टेबलावर ठेवून दिले.

"खरेदी झाली नाही, पण सौदा असा व्हावा!" मावशी म्हणाल्या. त्यांनी लगेच एक नवं दुकान उघडायला लावलं. बियांचं. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातलं, फुलांच्या आणि भाज्यांच्या बिया विकणारं. वरची निळी पट्टी उतरली, आभाळ उतरलं, एका बाईच्या टोपीचा काठ उतरला आणि लाइट गेली.

आम्ही थोडा वेळ थांबलो. लाइट येईना. मावशी उठल्या. "शुभा, तुला आत्ता काम आहे काही?"

"नाही."

"मग चल माझ्याबरोबर. हे पिकदाणीचं मी एकटीनं सांगितलं तर त्यांना झूठ वाटेल. साक्षीला चल."

कोणाला, ते सांगायला त्या थांबल्याच नाहीत. चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून झपझप निघाल्या. एका दगडी जिन्यानं वर गेलो. दार चाळिशीच्या एका बाईनं उघडलं आणि मावशींना बघून तिचा चेहरा खुलला. "आ गईं? आठ दिन नहीं आईं, बाबूजी ने सबका जीना हराम कर रखा है."

खिडकीपाशी तख्तावर लोडाला टेकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. स्वच्छ धोतर-कुर्ता, काळा चष्मा, दाढी ताजी केलेली. चाहूल लागताच ते सरळ झाले. "आइए बहिनजी. दो पैर की आवाज ज्यादा है?"

"गवाह लाई हूँ, केदारबाबू," मावशी म्हणाल्या.

केदारबाबूंचं कुंजगलीत बनारसी साड्यांचं दुकान होतं. वडिलांच्या मागे त्यांनीच चालवलेलं. काही वर्षांपूर्वी काचबिंदूनं दृष्टी गेली, तशी गद्दी मुलांकडे गेली. हे मला सूनबाईंनी पाणी देताना हलक्या आवाजात सांगितलं. दृष्टी गेल्यावर ते दुकानात पाऊल टाकेनात. रंग दिसत नसेल तर साडीच्या दुकानात बसून काय करू, म्हणायचे. मुलं येऊन विक्री सांगायची, तर तोंड फिरवायचे. मग एक दिवस बहिनजी आल्या आणि म्हणाल्या, एक नवा बाजार उघडलाय. तिथं कोणाच्याच हाताला कापड लागत नाही. डोळेवाल्यांनासुद्धा दुसऱ्याच्या सांगण्यावरच भरवसा ठेवावा लागतो. तिथं तुम्ही आणि बाकीचे सारखेच. चला, बघून येते, सांगते.

"तब से," सूनबाई म्हणाल्या, "दाढ़ी रोज बनवाते हैं."

तोवर पिकदाणीची गोष्ट रंगात आली होती. मावशींनी अशी सांगितली की मी साक्षीदार असूनही पुढे काय होतं म्हणून कान टवकारले. गोष्ट ओहायोच्या सासूबाईंपर्यंत आली आणि हसता हसता केदारबाबूंना ठसका लागला, सून धावली. "और बोली?" दम घेऊन त्यांनी विचारलं. "बोली से मुकरीं तो नहीं?"

"मुकरती कैसे?"

"बस. फिर ठीक है."

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि मला कळेना की हसावं की काय करावं. लिलावाच्या दुकानात माल कोणाच्या जोखमीवर जातो? किंमत आधी सांगतात की मागून? गिऱ्हाईक परत येतं का? उजेड कुठून येतो? या शेवटच्या प्रश्नालाही मावशींकडे उत्तर होतं. म्हणाल्या, डावीकडून.

मी काहीतरी बोलायचं म्हणून केदारबाबूंना म्हटलं, "बहिनजी तो आपकी पुरानी ग्राहक होंगी."

"ग्राहक?" ते पुन्हा हसले. "आज तक एक रूमाल नहीं लिया."

"केदारबाबू," मावशी म्हणाल्या.

"अरे, कहने दीजिए. बिटिया अपने घर की है." आणि ते माझ्याकडे, म्हणजे माझ्या आवाजाकडे वळून सांगू लागले. मावशींच्या वडिलांकडे तेव्हा महाराष्ट्रातून यात्रेकरू उतरायचे. काशी झाली की बायकांना शालू हवा असायचा. भाषेसाठी बरोबर या यायच्या, ऐन विशीतल्या. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा जाऊन माहेरी परतलेल्या. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होते आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

"सब औरतें साड़ी देखती थीं," केदारबाबू म्हणाले, "और ये दीवार देखती थीं. एक रोज सब निकल गए, इनका छाता छूट गया. लेने लौटीं. हम नए-नए गद्दी पर बैठे थे. हमने कहा, बैठिए, आप क्या देखेंगी? बोलीं, हमें पहनना नहीं है. हमने कहा, पहनने को कौन कह रहा है? और लाल वाली खोल दी."

सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"फिर हरी. फिर वो जो जामुनी थी, सोने की बेल वाली. पिताजी पीछे बैठे थे. बेवा को रंगीन कपड़ा कोई दिखाता नहीं था उस जमाने में. कई दिन हमसे बोले नहीं. और ये सब देखकर उठ गईं. जाते-जाते जामुनी वाली की तह खुद लगाई." ते लोडाला टेकले. "उसके बाद चालीस बरस, जब मन किया, आकर बैठ गईं. हम खोलते रहे. हमारा क्या जाता था? माल को भी हवा लगती है."

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या बाईच्या कानांच्या पाळ्या इतक्या लाल होतात हे मला माहीत नव्हतं.

"आप आजकल बातें बहुत करते हैं," शेवटी त्या म्हणाल्या. "बीज की दुकान देखनी है कि नहीं?"

"देखनी है, देखनी है."

मावशी सांगू लागल्या. बर्फाचा मुलूख. वर निळं आभाळ. त्याखाली एक बाई उभी, डोक्यावर गवताची टोपी, टोपीला पिवळी फीत. तिच्यामागे सूर्यफुलांचं शेत, आणि शेताच्या कडेला लाकडाचं लाल घर. दारात मांजर.

मी ऐकत होते. त्या चित्रातली टोपीची कड तेवढी उतरली होती आणि लाइट गेली होती. फीत, सूर्यफुलं, घर, मांजर, यातलं आम्ही काहीही पाहिलं नव्हतं. मी चहाच्या कपात बघत राहिले.

केदारबाबूंनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं. हाताचा तळवा चादरीवरून एकदा सावकाश फिरवला. मग एखादं चोखंदळ, श्रीमंत, वेळच वेळ असलेलं गिऱ्हाईक म्हणेल तसं म्हणाले, "नहीं बहिनजी. लाल घर के साथ पीला कुछ ज्यादा हो गया. नहीं जँचा. दूसरा दिखाइए."

मावशी जरा पुढे सरकून बसल्या. पदर खांद्यावर नीट घेतला.

"लीजिए," त्या म्हणाल्या, "ये देखिए."